न मागता उघडणाऱ्या खिडक्या

यावेळी थोडा वेगळा विषय घेतला आहे. वाचून कुणी म्हणेल, बायकांचे जीव जाताहेत आणि ही बाई कॉम्प्युटरवरच्या जाहिरातींचं रडगाणं गातेय. वर्षभरापूर्वी मीही तसंच म्हटलं असतं. घरच्या कॉम्प्युटरवर टपकणारी जाहिरात म्हणजे डास. हात हलवायचा, बंद करायची आणि पुढे कामाला लागायचं. एम. एस. डब्ल्यू. करताना हिंसेचे जितके प्रकार आम्ही पाठ केले, त्यात याचा उल्लेख नव्हता.

मग एक दिवस आमच्या समुपदेशन केंद्रात एक आई आपल्या बारावीतल्या मुलीला घेऊन आली. मुलगी मान वर करत नव्हती. आईने आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, ही घाणेरडं बघते." वडील रिक्षा चालवतात. मुलीच्या अभ्यासासाठी त्यांनी हप्त्यावर जुना कॉम्प्युटर घेतला होता. गेले पंधरा दिवस त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात अर्धनग्न बायांची चित्रं आपोआप येत होती. खाली ओळ, "तुमच्या जवळच राहते, बोला." एकदा घरी काका बसलेले असताना आलं. त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर चादर टाकली गेली, मुलीचा क्लास बंद झाला आणि मामाने एक स्थळ सुचवलं. पंधरा दिवसांत इतकं सगळं.

मी त्यांच्या घरी गेले. मला कॉम्प्युटरमधलं फार कळतं अशातला भाग नाही. केंद्राचे अहवाल टाइप करण्यापुरतं येतं. पण आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर असाच प्रकार झाला होता तेव्हा एका तरुण कार्यकर्तीने तो कसा घालवला ते मी पाहिलं होतं. ब्राउझर उघडायचा (त्यांच्याकडे क्रोम होता), सेटिंग्जमध्ये 'गोपनीयता व सुरक्षा', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन'. कोणकोणत्या साइटला सूचना पाठवायची परवानगी दिलेली आहे, त्याची यादी तिथे दिसते. त्या घरात सात नावं होती. एकही ओळखीचं नव्हतं. सातही काढून टाकली आणि यापुढे कुठल्याच साइटने परवानगी विचारू नये असा पर्याय निवडला. पंधरा मिनिटं लागली. चित्रं थांबली.

वडील मागे उभे राहून बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "पण परवानगी दिली कोणी?" मुलगी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मीच दिली. जुन्या प्रश्नपत्रिका उतरवताना आलं होतं, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला 'अलाउ' दाबा. मी दाबलं."

ही युक्ती फार सर्रास चालते. २०१५ च्या सुमारास ब्राउझरमध्ये सोय आली की साइट बंद असली तरी ती तुम्हाला सूचना पाठवू शकेल. बातम्यांसाठी, टपालासाठी सोयीची गोष्ट होती. जाहिरातवाल्यांनी त्यातून दार शोधलं. त्यांना हवी असते फक्त एकदा दिलेली 'हो'. ती फसवून घेतलेली असली तरी चालते. संमतीबद्दल आपण शिबिरांमधून इतकं बोलतो. एकदा दिलेला होकार कायमचा नसतो, न समजता दिलेला होकार हा होकारच नव्हे, हे आपण मुलींना शिकवतो. त्या मुलीला बघताना मला ते सगळं आठवलं. पण तिच्या वडिलांना मी तेवढं बोलू शकले नाही. इतकंच म्हटलं, "दादा, तुम्ही असतात तरी दाबलंच असतंत."

कॉम्प्युटरवरची चादर निघाली. पण कॉम्प्युटर आता बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दिसेल असा ठेवला आहे. स्थळ तूर्त मागे पडलं. याला मी यश म्हणत नाही. पोरीने चूक केली नव्हती, हे सिद्ध झाल्यावरही पहारा तिच्यावरच राहिला.

या खिडक्यांचा जन्म कसा झाला ते मी नंतर शोधलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या कंपनीत एथन झुकरमन नावाचा माणूस काम करत होता. लोकांनी स्वतः तयार केलेली पानं ही कंपनी दाखवत असे आणि त्यावर जाहिराती लावत असे. एकदा एका मोटार कंपनीची जाहिरात लैंगिक संबंधांविषयीच्या पानावर झळकली आणि कंपनी चिडली. मग झुकरमन यांनी तोड काढली, की जाहिरात पानावर न लावता वेगळ्या खिडकीत उघडायची. म्हणजे मोटारीच्या अब्रूला डाग नको. २०१४ साली त्यांनीच लेख लिहून या शोधाबद्दल जाहीर माफी मागितली. गंमत बघा, कंपनीची अब्रू वाचवायला जी खिडकी काढली, तिच्यामुळे आज आमच्या वस्तीतल्या मुलीची अब्रू टांगणीला लागते.

पुढे २००१ च्या सुमारास एक्स-टेन नावाच्या कंपनीने लहानशा बिनतारी कॅमेऱ्याच्या जाहिरातींचा असा भडिमार केला की लोक हैराण झाले. आपण वाचत असलेल्या पानाच्या मागे ती खिडकी गुपचूप उघडायची. जाहिरातीत बाईचं चित्र आणि चोरून बघण्याचं सूचन. लोकांची ओरड वाढली, तसे ब्राउझर बदलले. ऑपेराने आधीच सोय दिली होती. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोज एक्सपीच्या सुधारणेबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पॉप-अप अडवण्याची सोय घातली, आणि त्याच वर्षी आलेल्या फायरफॉक्समध्येही ती होती. आज जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये ती असते. तरी जाहिराती आहेतच, कारण त्यांनी वाट बदलली.

आता दुसरा प्रसंग. हा लिहिताना हात अडखळतो, कारण चूक आमची आहे.

एक बाई केंद्रात यायची. नवरा नोकरदार, घर सुस्थितीतलं, मारहाण दाराआड. तिने घरच्या कॉम्प्युटरवर २००५ च्या घरगुती हिंसाविरोधी कायद्याची माहिती वाचली, जवळपासचे घटस्फोटाचे वकील शोधले. आम्ही तिला सांगून ठेवलं होतं, काम झालं की हिस्टरी पुसून टाका. ती नेमाने पुसायची. काही दिवसांनी नवरा क्रिकेटचा स्कोअर बघत बसला असताना बाजूला जाहिरात आली: 'घटस्फोट? पहिला सल्ला मोफत.' दुसऱ्या दिवशीही आली. त्याने काही विचारलं नाही. तिच्या पर्समधली केंद्राची चिठ्ठी शोधून काढली. त्या रात्रीचं इथे लिहीत नाही.

ती जाहिरात तिच्या शोधामुळेच आली, हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण रीत माहीत करून घेतली तेव्हा आम्हाला शंका उरली नाही. आपण एखादं पान उघडतो तेव्हा त्या पानावरच्या जाहिरात कंपन्या आपल्या ब्राउझरमध्ये खुणेची एक लहानशी चिठ्ठी ठेवतात. तिला कुकी म्हणतात. पुढे दुसऱ्याच पानावर त्याच कंपनीची जागा असली की ती चिठ्ठी वाचली जाते, आणि 'या कॉम्प्युटरवर वकील शोधले गेले' हे ओळखून जाहिरात येते. कॉम्प्युटरसमोर आता बाई आहे की नवरा, हे त्या चिठ्ठीला कळत नाही. त्यात हिस्टरी पुसली तरी कुकी पुसली जातेच असं नाही, तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. आणि गूगलच्या खात्यात शिरून शोध केला असेल तर नोंद खात्यातही राहते. आम्ही अर्धवट सल्ला दिला होता. तोही अगदी ठामपणे.

गर्भपाताची गोळी, वंध्यत्वाचे उपचार, एचआयव्हीची तपासणी, मुलगी मुलीवर प्रेम करते त्याबद्दलचा प्रश्न. हे बाया कुणाला विचारतात? विचारायला माणूस नसतं म्हणून यंत्राला विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ३३.३ टक्क्यांनीच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांत ते प्रमाण ५७.१ टक्के होतं. ज्यांना ते मिळतं, त्यांनाही बहुतेक वेळा घरातलं सामाईक यंत्र मिळतं. आणि ते यंत्र चुगली करतं.

म्हणून आता मी ठामपणे म्हणते, घरच्या कॉम्प्युटरवर जाहिराती अडवणं हा आपल्या कामाचा भाग आहे. निव्वळ पॉप-अप बंद करून भागत नाही. जाहिरात आणि पाठलाग दोन्ही रोखणारी, फुकट मिळणारी साधनं आहेत. यूब्लॉक ओरिजिन हे त्यातलं विश्वासाचं नाव. गूगलने नियम बदलल्यामुळे ते मूळ रूपात क्रोममध्ये आता चालत नाही, त्याची 'लाइट' आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळ साधन चालतं, शिवाय एका साइटची कुकी दुसरीकडे वाचू न देण्याची व्यवस्था त्यात आधीच आहे. नावं सारखी दिसणारी नकली साधनंही असतात, तेव्हा नाव नीट वाचून घ्यावं. कधीकधी सरकारी अर्जाची पावती किंवा बँकेचं पान वेगळ्या खिडकीतच उघडतं आणि तेही अडतं. मग तेवढ्या एका साइटला परवानगी द्यायची, सगळं साधन काढून टाकायचं नाही. आणि 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झाला, या नंबरवर फोन करा' असं पडदाभर आलं, भोंगा वाजला, तर फोन करायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तिथून ब्राउझर बंद करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायची.

पण हेही सांगते, नवऱ्याने मुद्दाम पाळतीचं सॉफ्टवेअर घातलं असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. उलट अशा घरात अचानक नवं साधन दिसलं तर संशय वाढतो. अशा बाईने घरचं यंत्र वापरूच नये. केंद्रात यावं, मैत्रिणीचा फोन घ्यावा, १८१ ला बाहेरून फोन करावा.

काही साथी म्हणतात, जाहिराती अडवल्या तर छोट्या वृत्तसंस्था, मराठी साइट जगणार कशा? हा प्रश्न मी झटकत नाही. आपली चळवळीची नियतकालिकं वर्गणीवर कशी रडतखडत चालतात, ते आपण जाणतो. कुणाची साधी, जागेवर बसून राहणारी जाहिरात मला टोचत नाही. पण फसवून घेतलेली परवानगी आणि बाईच्या मागावर सोडलेली चिठ्ठी यांना 'उत्पन्नाचं साधन' म्हणून सूट द्यायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकेका घरात जाऊन सात-सात नावं खोडत बसायचं, हा काय चळवळीचा मार्ग झाला? खरं आहे. अश्लील पोस्टरांना आपल्या आधीच्या बायांनी रस्त्यावर उतरून काळं फासलं, आणि १९८६ मध्ये स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला. पोस्टर सगळ्यांना दिसायचं. ही जाहिरात मात्र प्रत्येकीला एकटीला, तिच्या घरात दिसते, आणि प्रत्येकीला वाटतं आपलंच काही चुकलं. पण सामुदायिक लढाई इथेही झाली आहे. गर्भलिंगनिदानाची जाहिरात १९९४ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार गुन्हा आहे, तरी शोधयंत्रांवर अशा जाहिराती दिसत होत्या. साबू जॉर्ज यांनी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कंपन्या सुरुवातीला हात वर करत होत्या. २०१६ मध्ये न्यायालयाने गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टला अशा जाहिराती अडवायला लावल्या आणि तक्रारींसाठी केंद्र सरकारला नोडल यंत्रणा नेमायला सांगितली. याचिकेपासून आठ वर्षं गेली, पण 'तांत्रिकदृष्ट्या अशक्य' म्हणणाऱ्यांना ते शक्य झालं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार त्यात आहेत. वारंवार टोकणं आहे, 'नाही' म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, जाहिरात वेषांतर करून दाखवणं आहे, व्हायरसची खोटी भीती घालणंही आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. आपल्यापैकी किती गटांनी त्यावर एक तरी तक्रार केली आहे? आम्ही आजवर दोन केल्या, एकीचं उत्तर आलं.

केंद्रात पहिल्या भेटीच्या वेळी जो अर्ज आम्ही भरून घेतो, त्यात आता दोन प्रश्न वाढवले आहेत: घरातला कॉम्प्युटर आणि मोबाइल आणखी कोण वापरतं? पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? गेल्या महिन्यात पहिल्या प्रश्नाला एका बाईने हसून उत्तर दिलं, "मी सोडून सगळे." तुमच्या गटांमध्ये असं काही विचारलं जात असेल, तर कसं विचारता ते कळवा. आमचे शब्द अजून नीट बसलेले नाहीत.