पन्नास सीसीची करवत कुठली घ्यावी?



लुडविग्सहाफेनहून या खेपेस जरा वेगळा विषय. २०२२ साली रशियाचा गॅस बंद झाला, तेव्हा आमच्या गावात सगळ्यांच्याच पोटात गोळा आला. इथला बीएएसएफचा अवाढव्य कारखाना गॅसवरच चालतो, मग घराघरांतल्या हीटरचं काय, अशी चिंता. ज्याच्याकडे लाकडाची शेगडी होती तो जंगलाकडे वळला, आणि आम्हीही वळलो. आपल्याकडे वखारीत जाऊन मणावर लाकूड आणायचे, तसं इथेही मिळतं. पण पश्चिमेला फेल्झरवाल्डच्या जंगलात तोडून ठेवलेले बीचचे ओंडके आपल्या हाताने कापून आणले की स्वस्त पडतं. त्यासाठी सरकारी वनखातं चेन-सॉ शिकल्याचा दाखला मागतं. एकट्याने जायचं नाही, हाही नियम.

छोट्या दोस्तांनो, चेन-सॉ म्हणजे सायकलच्या चेनसारखी, पण दात असलेली चेन एका लांबट पट्टीभोवती फिरवणारं इंजिन. इंजिन कसलं? आजोबांना विचारा, मुंबईच्या जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोलमध्ये तेल घालायचे ना, तसलंच टू-स्ट्रोक. पाच लिटर पेट्रोलला शंभर मिली तेल. हल्ली जंगलात मात्र तयार मिसळलेलं, कमी विषारी पेट्रोलच लागतं, आणि चेनला जमिनीत विरणारं तेल.

दुकानात गेलो तर दोन नावं समोर आली : जर्मनीची श्टील आणि स्वीडनची हुस्कवार्ना. (तिसरी होती हॅम्बुर्गची डोलमार. १९२७ साली पेट्रोलची चेन-सॉ काढणारी ती जुनी कंपनी. १९९१ साली जपानच्या माकिटाने ती घेतली आणि २०२२ साली माकिटाने पेट्रोल इंजिनं बनवणंच सोडलं.) श्टीलची एमएस २६१ ही ५०.२ सीसीची, हुस्कवार्नाची ५५० एक्सपी मार्क टू ही ५०.१ सीसीची. ताकद दोघींची ३ किलोवॅट. दोघींतही कार्बुरेटर आपोआप जुळवून घेतो, पूर्वीसारखा स्क्रू पिळत बसावं लागत नाही. म्हणजे कागदावर जुळ्या बहिणीच! फरक वजनात. पट्टी, चेन, पेट्रोल न धरता श्टील ४.९ किलो, हुस्कवार्ना ५.३ किलो. चारशे ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं आमच्यातले तरुण म्हणाले. साठी ओलांडलेला खांदा तासाभराने काय म्हणतो, ते त्यांना अजून ठाऊक नाही.

दुकानदार साठ सीसीचीही दाखवत होता. साडेतीन किलोवॅट, वजनही त्या मानाने जास्त. रोज मोठी झाडं पाडणाऱ्याला ती हवीच. पण चाळीस सेंटीमीटरच्या पट्टीने पडलेले ओंडके कापणाऱ्याला ती कशाला? थकलेल्या हातात जास्त ताकद म्हणजे जास्त धोका. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला, तर करवत डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटून तोंडावर येते. डाव्या हातापुढची ढाल तेव्हा पुढे ढकलली जाऊन चेनला ब्रेक लागतो. घेण्याआधी हा ब्रेक स्वतः लावून-सोडून पाहावा, हातमोजे घालून. मोज्यांतून जमलं नाही तर ती करवत आपली नव्हे.

पैसे कमी पडत असतील तर करवतीत काटकसर करा, पँटमध्ये नको. या खास पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि चेन अडते. पहिल्या दर्जाची पँट सेकंदाला वीस मीटर वेगाच्या चेनवर तपासलेली असते. या करवतींची चेन त्याहून जोरात धावू शकते, म्हणून पँट घातली की मांडी पुढे करावी, असं मात्र नाही.

आम्ही शेवटी हलकी म्हणून श्टील घेतली. दुसरं कारण, तिचा दुरुस्तीवाला सायकलने जाण्याजोगा जवळ आहे. हुस्कवार्नावाला तुमच्या गल्लीत असेल तर आमचं ऐकू नका, तिकडेच जा. धार मात्र घरीच लावतो, ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने. भुशाऐवजी पीठ पडू लागलं की दात बोथट झाले समजायचं.

राहता राहिला वाराचा प्रश्न. रविवारी नि सणाला वस्तीत असली यंत्रं चालवायला जर्मन कायद्याने बंदी, आणि शनिवारी आपला शब्बाथ. नोकरी करणाऱ्या आमच्या मुलांना उरला शुक्रवार, तोही मेणबत्त्या लावायच्या आतला. त्यामुळे मागच्या अंगणात अजून अर्धी थप्पी कापायची पडून आहे. बीच वाळायला दोन वर्षं लागतातच म्हणा.