पँथरचे काळे जॅकेट आणि रक्ताचा एक थेंब

पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. स्वागतच आहे. पण नेकनूर आणि आसपासच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला वेगळाच प्रश्न पडतो. लॅब आली, तरी आपला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा तिच्या दारात उभा राहील का? त्याच्या लेखी विज्ञान म्हणजे पाठांतर, मार्क, क्लासची फी आणि 'हे तुझं काम नाही' म्हणणारी नजर. दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला गेले की तो एक तर फडावर असतो किंवा गावात आजीजवळ. त्याला ओढ आहे ती भीमजयंतीच्या डीजेची, मोबाईलवरच्या रॅपची, व्यवस्थेला तोंडावर सवाल करणाऱ्या माणसाची.

या बंडखोरीला आपल्यातलेच काही शिकलेले लोक वाया जाणे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

१९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांच्या पिढीने मुंबईत दलित पँथर उभी केली. नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. मात्र त्याच ब्लॅक पँथरने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मोफत दवाखाने चालवले आणि वस्त्या-वस्त्यांत सिकलसेलची तपासणी केली, हे आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. काळ्या लोकांत जास्त आढळणाऱ्या या रक्ताच्या आजाराकडे सरकारचे दुर्लक्ष होते. मग काळे जॅकेट घालणारी पोरे लोकांच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त तपासू लागली. ज्या पोराला शाळेतले जीवशास्त्र नको होते, त्याला हे हवे होते. कारण ते त्याच्या लढ्याचा भाग होते.

आपण नाव घेतले, राग घेतला, कविता तर अशी लिहिली की मराठी साहित्य हादरले. सुई मात्र तिकडेच राहिली. विदर्भात आदिवासींप्रमाणे बौद्ध समाजातही सिकलसेल आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. लग्न जमवताना आपण पत्रिका बघत नाही याचा अभिमान बाळगतो, पण रक्ताचा रिपोर्ट तरी कुठे बघतो?

यात एक धोकाही आहे. बंडाची भाषा आता भोंदूंनाही येते. 'डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात' असे सांगणारी रील आमच्या पोरांना बंडखोरच वाटते. मग फरक ओळखायचा कसा? अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या चमत्कार सादरीकरणात त्याचे उत्तर आहे. कार्यकर्ता काडी न लावता होम पेटवतो, पोरे टाळ्या वाजवतात आणि लगेच तो पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन दाखवून सगळे उघड करतो. बाबा युक्ती झाकतो, हा ती शिकवतो. रीलवाल्याला पुरावा मागा, तो पुढचा व्हिडिओ पाठवील.

उसाच्या फडात हा प्रश्न जिवाचा होतो. साप चावल्यावर दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेण्यात वेळ गेला तर माणूस जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. फडावर जाणाऱ्या किती पोरांना हे माहीत आहे?

आता डीजेचेच घ्या. जनरेटरवर किती लोड झेपेल, अर्थिंग कुठे द्यायचे, कोणत्या बॉक्सला कोणता अ‍ॅम्प्लिफायर, हे दहावी नापास पोराला तोंडपाठ असते. त्याला कोणी विज्ञान म्हणत नाही, म्हणून तोही म्हणत नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती पोलिसांनी सांगितली की भांडण होते. तीच मोजायचे यंत्र त्याच्याच हातात दिले, तर दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट का होते, हे तो आपणहून विचारील. मंडळाच्या वर्गणीत बॉक्स किती लावायचे हा आकडा सर्वांत आधी ठरतो. त्याच बैठकीत मिरवणुकीच्या वाटेवर रक्ततपासणीचे आणि चमत्कार सादरीकरणाचे एकेक टेबल मांडायचे ठरवा, आणि ते चालवायला डीजेवाल्या पोरांनाच उभे करा.