स्मरणाचे चमचे

छंदाविषयीं आपल्याकडे दोन मतें आढळतात. एक असें कीं, छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग. दुसरें असें कीं, ज्याला कसलाच छंद नाहीं त्याचें शिक्षण अपुरें. आम्ही दुसऱ्या पक्षाचे आहों. परंतु वस्तूंचा ढीग म्हणजे संग्रह नव्हे, हेंहि आम्हांस आरंभींच सांगावयाचें आहे. त्यासाठीं एक दूरचें उदाहरण घेतों.

युरोप-अमेरिकेंत जुने स्मरणचमचे जमविणारे लोक पुष्कळ आहेत. चमच्याला मान देण्याची रीत तिकडे जुनीच. इंग्लंडांत १५ व्या ते १७ व्या शतकांत बाप्तिस्म्याच्या वेळीं बालकाला चांदीचा चमचा देत. त्याच्या दांडीच्या टोकावर एखाद्या प्रेषिताची लहानशी मूर्ति असे. बारा प्रेषित व प्रभु येशू मिळून तेरा चमच्यांचा संच होई. पुढें आगगाडीमुळें प्रवास सुलभ झाला आणि १८९० नंतर अमेरिकेंत प्रवासाची खूण म्हणून चमचे घेण्याची लाट उसळली. सेलम गांवच्या डॅनियल लो या जवाहिऱ्यानें १८९१ च्या सुमारास विकलेला चेटकिणीच्या आकृतीचा चमचा प्रसिद्ध आहे. नायगारा धबधबा तर अगणित चमच्यांवर कोरला गेला.

जाणता संग्राहक चमचा उलटा करून प्रथम मागचा शिक्का पाहतो. ‘स्टर्लिंग’ म्हणजे हजारांत ९२५ भाग चांदी, ‘ई. पी. एन. एस.’ म्हणजे हलक्या धातूवर विजेच्या साहाय्यानें चढविलेला चांदीचा मुलामा. परंतु खरा लाभ पुढच्या बाजूस आहे. न्यू हॅम्पशायरमधील एका कड्यावर मनुष्याच्या मुखासारखी दिसणारी शिळा होती. ती ३ मे २००३ रोजीं कोसळली. चमच्यांवर मात्र ती अजून आहे. नायगाऱ्याचें पुष्कळ पाणी विजेसाठीं वळविलें जातें. प्रवाशांच्या हंगामांत दिवसा सेकंदास निदान १,००,००० घनफूट व एरवीं निदान त्याच्या निम्में पाणी कड्यावरून पडूं द्यावें, असें १९५० च्या करारानें ठरलें. जुन्या चमच्यांवरील धबधबा त्या कराराच्या आधींचा आहे. शरावतीवरील गिरसप्प्याची कथाहि अशीच. सुमारें ८३० फूट उंचीवरून पडणाऱ्या त्याच्या धारा, १९६४ मध्यें लिंगनमक्कीचें धरण झाल्यापासून, पावसाळा सरतांच रोडावतात. अशा वेळीं जुनें चित्र हें साक्षीदाराचें काम करतें.

आतां कोणी विचारील कीं, वडवणीच्या मुलाला याचें काय? जेथें पाऊस वारंवार हात आंखडतो, जेथून कित्येक कुटुंबें दरसाल ऊसतोडीला बाहेर पडतात, तेथें चांदीच्या चमच्यांच्या गोष्टी कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणूनच चमचे जमवा असें आम्ही सांगत नाहीं. चमचा जें काम तिकडे करतो, तें आपल्या घरांतील साध्या वस्तूहि करीत आल्या आहेत. काशीहून आणलेला गंगेचा बंद गडू, देवघरांतील नागाच्या फणीची पळी, आणि विशेषतः नांव घातलेलीं भांडीं पाहा. देणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव, लग्नाची तारीख, गांव, हें सारें टिंबाटिंबांनीं हंड्याच्या कडेवर उमटविलेलें असतें. ज्या घराची बखर कोणी लिहिली नाहीं, त्याची ती बखरच होय.

अडचणीच्या वर्षीं हीं भांडीं मोडींत जातात. पोटापुढें पितळ थोर नाहीं. विकणाऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. परंतु तराजूंत पितळेचें वजन होतें, नांवाचें होत नाहीं. भांडें भट्टींत गेलें म्हणजे पितळ उरतें, पण अक्षरें जातात. तीं पुन्हां कोणास मिळणार नाहींत.

मग करावें काय? पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनीं दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरांतील भांडीं अशा नित्याच्या वस्तू गांवोगांव हिंडून मिळविल्या, बालपणींच वारलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालय उभारलें आणि १९७५ मध्यें तो ठेवा महाराष्ट्र शासनास अर्पण केला. एवढें सर्वांस साधणार नाहीं. परंतु वही आणि पेन्सिल प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आहे. येत्या सुटींत प्रत्येकानें घरच्या एका भांड्यावरील अक्षरें उतरून घ्यावींत. तें कोणीं, केव्हां व कोणत्या निमित्तानें दिलें, हें आजीला विचारून खालीं लिहावें. भांडें घरींच राहो. टिपण तेवढें शाळेंत यावें.

त्याच वहींत आपल्या जिल्ह्यांतील धबधब्यांनाहि जागा असावी. सौताड्यास विंचरणा नदी कड्यावरून उडी घेते. मन्मथस्वामींच्या समाधीचें कपिलधारहि धबधब्यासाठीं प्रसिद्ध आहे. जो तेथें जाईल त्यानें चित्र काढावें, आणि धार वाहती होती कीं आटलेली, हें तारखेसह नोंदावें. पाण्यासाठीं तळमळणाऱ्या जिल्ह्यास अशा नोंदींचें मोल चांदीहून उणें नाहीं. नायगाऱ्याचे चमचे जगभर झाले; आमच्या धबधब्यांची निदान एक वही तरी शाळेच्या कपाटांत असूं द्या.