आडनावांचा मागोवा : शहा

‘शहा’ हे आडनाव फारसी ‘शाह’ म्हणजे राजा यावरून आले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’, पुढे ‘साह’ असा त्याचा प्रवास आहे. सचोटीच्या व्यापाऱ्यास ही उपाधी लाभे. मराठीतील ‘साव’ व ‘सावकार’ हे शब्द याच कुळातले.

जामनगरच्या हालार प्रांतातून भिवंडी, मुंबई, नैरोबी आणि लंडन येथे स्थिरावलेल्या अनेक ओसवाल कुटुंबांनी गुढका, हरिया, मालदे यांसारखी कुळनावे मागे ठेवून ‘शहा’ स्वीकारले. उपाधी टिकली, कुळाची खूण मात्र पुसट झाली. वडीलधारी मंडळी आहेत तोवर मूळ कुळनाव व गाव वंशावळीत नोंदवून ठेवावे. आणि ‘शहा’ अशी सही करताना तिच्यातला ‘साव’ही जपावा.