अरुगम बेचा किनारा : धंदा लाटेवर नव्हे, भरवशावर

समुद्रकिनाऱ्यावरच्या धंद्याचा विषय निघाला की आपली व्यापारी मंडळी दोन टोकांचे बोलतात. एक म्हणतो, "तिथे दारू आणि धिंगाणा, आपले तिथे काय काम?" दुसरा म्हणतो, "जमीन घ्या, हॉटेल बांधा, पैसाच पैसा." या दोघांनीही एकदा श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे पोत्तुविल गाव पाहून यावे, असे मला वाटते. पैसा गुंतवण्यासाठी नव्हे. बायकामुलांना घेऊन चार दिवस राहण्यासाठी, आणि राहता राहता तिथला धंदा डोळसपणे पाहण्यासाठी.

पोत्तुविल हे अंपारा जिल्ह्यातील छोटे गाव. वस्ती बहुतेक तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांची. मासेमारी, भातशेती आणि लहान दुकानदारी हे जुने व्यवसाय. गावापासून तीनेक किलोमीटरवर विळ्यासारखा वळलेला अरुगम बेचा किनारा आहे. कोलंबोहून बसने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. रात्री निघालेला माणूस सकाळी पोहोचतो. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा जो खेळ आहे, ज्याला सर्फिंग म्हणतात, त्यासाठी हा किनारा १९७० च्या दशकापासून परदेशी लोकांना ठाऊक आहे.

खेळ धाडसाचा असला तरी किनारा धाकाचा नाही. खडकाजवळची मोठी लाट तयार गड्यांसाठी. नवशिक्यांसाठी किनाऱ्यालगत लहान लाटेची जागा आहे, तिला तिथे 'बेबी पॉइंट' म्हणतात. सकाळी तिथे आठ-नऊ वर्षांची मुले मऊ फोमच्या लांब फळ्यांवर पालथी पडून लाटेची वाट पाहत असतात. शिकवणारा पोरगा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून फळी ढकलतो, मूल दोन क्षण उभे राहते, धपकन पडते आणि हसत पुन्हा धावते. आई-बाप वाळूत शहाळे घेऊन बसलेले. मधल्या भागात कोळ्यांच्या फायबरच्या होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली. अजान ऐकू येते, हलाल जेवण शोधत फिरावे लागत नाही. कोत्तू रोटीच्या तव्यावर दोन पात्यांचा खणखणाट सुरू असतो, आणि गूळ-नारळाच्या दुधाचे वटलप्पम, जे तिथल्या मुसलमान घरांत ईदला हमखास होते, ते मुलांना फार आवडते. संध्याकाळी पोत्तुविलचे मच्छीमार पाहुण्यांना होडीतून खाडीत फिरवतात. तिवरांच्या कडेला मगर दिसते, नशीब असेल तर हत्तीही.

वाचकांच्या सोयीची एक गोष्ट. तिथला मोसम साधारण मे ते सप्टेंबर असतो. आपल्या कोकणात त्याच दिवसांत पावसाळा, जून-जुलैत मासेमारीची बंदी आणि होड्या शाकारलेल्या. म्हणजे आपला किनारा बंद तेव्हा त्यांचा चालू. ऑक्टोबरनंतर तिकडे ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की दुकानांना कुलपे लागतात. मग तिथले कित्येक शिकवणारे तरुण दक्षिणेकडील वेलिगामाच्या किनाऱ्यावर जातात, कारण तिथला मोसम नोव्हेंबरपासून असतो. एकाच बेटावर समुद्राची दोन तोंडे आणि रोजीचे दोन मोसम!

मोडलेली फळी, भरलेले पोट

मी तिथे सर्वांत जास्त वेळ घालवला तो फळ्या दुरुस्त करणाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. फळीच्या आत फोम असतो, वरून काचतंतूचे कापड आणि राळ, म्हणजे रेझिन. खडकावर आपटली की कवच तडकते, पाणी आत शिरते आणि फळी जड होते. कारागीर ती आधी नीट वाळवतो, खराब भाग कापून काढतो, घासतो, कापड बसवतो, हार्डनर मिसळून रेझिन ओततो आणि सुकल्यावर पुन्हा घासून गुळगुळीत करतो. यात इल्म आहे. थर्माकोलच्या जातीच्या फोमवर साधे पॉलिस्टर रेझिन ओतले तर ते फोमच खाऊन टाकते. तिथे इपॉक्सीच लागते. हे ज्याला कळत नाही तो गिऱ्हाइकाची महागडी फळी बिघडवून बसतो.

आता सांगा, आपल्या हर्णै, श्रीवर्धन, मुरूडच्या फायबर होड्यांना ठिगळ लावणारा कारागीर यापेक्षा वेगळे काय करतो? इल्म तोच, गिऱ्हाईक नवे.

तीच गोष्ट शिंप्याची. लाटेवर जाणाऱ्याला ऊन आणि वाळू सोसेल असा अंगभर, ताणणारा पोशाख लागतो. ताणणाऱ्या कापडाला साधी सरळ शिवण चालत नाही, पहिल्याच ताणाला धागा तुटतो. तिथे ओव्हरलॉक किंवा नागमोडी शिवण लागते. अहेदा झानेटी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या ऑस्ट्रेलियन बाईने २००४ मध्ये मुस्लिम स्त्रियांसाठी बुर्किनी हा पोहण्याचा पोशाख तयार केला आणि त्याचा जगभर धंदा झाला. ज्या बायका कपड्यांच्या संकोचाने वाळूतच बसून राहत, त्या पाण्यात उतरल्या. अरुगम बेला २०१८ मध्ये स्थानिक मुली-बायकांचा सर्फिंग क्लब निघाला; श्रीलंकेतील तो अशा तऱ्हेचा पहिला. 'हे काय बायकांचे काम?' असे म्हणणारे तिथेही होतेच. पण आई पाण्यात उतरली की मुले उतरतात, आणि मुले उतरली की कुटुंब दोन दिवसांऐवजी पाच दिवस राहते. हा हिशेब कुठल्याही दुकानदाराला समजावा.

एकामागून एक तडाखे

कोणी म्हणेल, लेखकाला सगळे गोड दिसते आहे. तसे नाही. या किनाऱ्याने जेवढे तडाखे खाल्ले तेवढे फार थोड्या गावांनी खाल्ले असतील. अनेक वर्षे यादवी युद्ध होते, ते मे २००९ मध्ये संपले. त्याआधी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली. देशात तीस हजारांहून अधिक माणसे गेली. इथल्या झोपड्या, दुकाने, होड्या वाहून गेल्या आणि पोत्तुविलला जोडणारा पूल पडला. नवा पूल २००८ मध्ये झाला. त्यातच सरकारने पूर्व किनाऱ्यावर २०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. मोठ्या हॉटेलांच्या योजना मात्र कागदावर तयार होत होत्या. आपल्या जागा कायमच्या जाणार, ही भीती कोळ्यांना आणि लहान दुकानदारांना वाटली आणि त्यांनी विरोध केला. पुढे तो नियम सैल झाला. नेओमी क्लाइन यांच्या २००७ च्या 'द शॉक डॉक्ट्रिन' या पुस्तकात या प्रकरणावर एक अख्खे प्रकरण आहे.

पुढे २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी कोलंबो व इतरत्र बॉम्बस्फोट होऊन अडीचशेहून अधिक निरपराध माणसे मारली गेली. ते कृत्य मूठभर अतिरेक्यांचे. पण झळ पोचली देशभरच्या गरीब मुसलमान दुकानदारांना, ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मग कोविड. २०१८ मध्ये श्रीलंकेत २३ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले होते; २०२१ मध्ये दोन लाखही आले नाहीत. २०२२ मध्ये देशाचा खजिना रिकामा झाला आणि ऐन मोसमात पेट्रोलसाठी मैलभर रांगा लागल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकी वकिलातीने अरुगम बे परिसरात हल्ल्याची शक्यता असल्याचा इशारा दिला आणि रस्त्यावर पोलीस-लष्कर उभे राहिले.

व्यापाऱ्याने इथे थांबून विचार करावा. असे तडाखे बसले की कोण उठतो आणि कोण बसतो? कर्ज काढून वीस खोल्या बांधणारा आणि एकाच देशाच्या पाहुण्यावर अवलंबून असणारा आधी बसतो; खोल्या रिकाम्या असल्या तरी हप्ता थांबत नाही. ज्याच्या हातात इल्म आहे, घरच्या दोन खोल्या आहेत, होडी आहे, तवा आहे, तो पडला तरी हातपाय मोडून घेत नाही. परदेशी आला नाही तर तो होडी मासेमारीला नेतो, फळी सोडून होडीला ठिगळ लावतो, रोटी गावातल्या माणसाला विकतो. आणि मोसम परतला की त्याच्याकडे पहिले कोण येते? मागच्या खेपेला ज्याच्या मुलाला त्याने हात धरून पाण्यात उतरवले होते, ते कुटुंब. एकट्या दुकट्या मौजी माणसाला सारे किनारे सारखेच; मुलाबाळांचा माणूस भरवशाच्या ठिकाणी परततो.

दारू आणि धिंगाण्याचे काय?

आक्षेप खरा आहे. अरुगम बेलाही रात्रीच्या मेजवान्या होतात आणि गावातल्या बुजुर्गांना त्या आवडत नाहीत. पण बाजार आपल्यासाठी थांबत नसतो. आपण बाजूला झालो तर जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो, आणि बहुधा तोच येतो ज्याची आपल्याला भीती असते. उलट चहाचे दुकान, बेकरी, शिंपी, दुरुस्ती, शिकवणी, होडीची फेरी हे सारे धंदे पाक आहेत. किनाऱ्यावर असे धंदे जितके जास्त, तितकी तिथे कुटुंबे जास्त. आणि कुटुंबे जिथे जास्त, तिथे धिंगाणा आपोआप कोपऱ्यात जातो. गावाची अदब वाचवायची असेल तर दुकान बंद करून नव्हे, दुकान उघडून वाचवावी लागेल.

आपल्या कोकणपट्टीवर पाहुण्यांची वर्दळ वाढते आहे. तिथला आपला माणूस बहुतेक वेळा एकच व्यवहार करतो : वडिलोपार्जित जागा विकतो आणि आखातात जातो, नाहीतर मुंबईत. जमिनीचे पैसे एकदाच मिळतात. इल्माचे रोज मिळतात. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : जागा सांभाळा, कागदपत्रे पक्की करा, किनाऱ्याच्या नियमांत बसेल तेवढेच बांधा, एकाच मोसमावर आणि एकाच जातीच्या गिऱ्हाइकावर विसंबू नका, आणि मुलाला जमिनीच्या भावाआधी एक हुन्नर शिकवा. पोहणे आणि बुडत्याला वाचवणे हासुद्धा हुन्नरच आहे; किनाऱ्यावर त्याला मोल आहे आणि सवाबही.

लाट येते आणि जाते, ती कोणाच्या मालकीची नाही. पाण्यात उतरलेल्या मुलाचा हात ज्याने धरला, तो माणूस मात्र त्या घरात वर्षानुवर्षे आठवला जातो. रोजीतली बरकत तिथे आहे.