अरण्यातील मूक साक्षीदार

मनुष्याचे पाऊल अरण्यात पडण्यापूर्वीच अरण्याला त्याची चाहूल लागलेली असते. टिटवी ओरडत उठते, वानर झाडाच्या शेंड्यावरून इशारा देतो, भेकर एकदा भुंकून झाडीत दिसेनासे होते. आणि जे पाहावयास आपण गेलो, ते आपल्या जाण्यानेच नाहीसे होते. रात्री पाणवठ्यावर कोण येते, पहाटे पायवाटेने कोण जाते, आई आपल्या पिलांना घेऊन कोठे हिंडते, हे मनुष्याला कळावे कसे? जो पाहावयास जाईल, त्याच्यामुळेच दृश्य बिघडेल, अशी ही अडचण होती.

या अडचणीतून वाट काढणारे एक लहानसे यंत्र आज जगातील अनेक अरण्यांत झाडांच्या बुंध्यांना बांधलेले आढळते. त्याला ट्रॅप कॅमेरा म्हणतात. ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा. परंतु या सापळ्यात प्राण्याची केवळ प्रतिमा सापडते, प्राणी आपल्या वाटेने सुखरूप निघून जातो. पावसाला दाद न देणाऱ्या एका भक्कम पेटीत कॅमेरा, बॅटरी आणि उष्णतेतील बदल ओळखणारा संवेदक बसविलेला असतो. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या देहातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. असा एखादा प्राणी पेटीसमोरून गेला, की संवेदकाला तो बदल जाणवतो आणि क्षणार्धात छायाचित्र टिपले जाते. रात्रीच्या वेळी कॅमेरा स्वतःच अवरक्त प्रकाश टाकतो व अंधारातील दृश्य कृष्णधवल रूपात उमटते. प्रत्येक चित्रावर दिनांक आणि वेळ यांची नोंद असते. अर्थात हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले, तरी ते फसते. साप आणि बेडूक यांच्यासारखे थंड रक्ताचे जीव बहुधा त्याच्या नजरेतून निसटतात.

ही कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हे तरुणपणी शिकारी होते. पुढे त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि कॅमेरा हाती घेतला. प्राण्यांच्या वाटेवर ते एक बारीक तार ताणून ठेवीत. प्राण्याचा धक्का तारेला लागला, की लखकन प्रकाश पडे आणि प्राणी स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी! १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी शिवालिक टेकड्यांच्या प्रदेशात याच रीतीने वाघांची छायाचित्रे मिळविली व १९२७ साली त्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. मारलेल्या वाघावर पाय ठेवून छायाचित्र काढून घेण्यात पराक्रम मानला जाण्याचा तो काळ! अशा काळात, वाघाला धक्का न लावता त्याचे दर्शन घेण्यात अधिक मोठा आनंद आहे, असे चॅम्पियन यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले. माझ्या मते त्यांचे हे धैर्य कोणत्याही शिकाऱ्याच्या धैर्याहून कमी प्रतीचे नव्हते.

ट्रॅप कॅमेऱ्याकडे केवळ मौजेचे साधन म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तो अरण्याचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराचे पहिले कर्तव्य सत्य सांगणे हे होय. हे सत्य किती मोलाचे असते, याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. पूर्वी वाघांची गणना त्यांच्या पावलांच्या ठशांवरून होत असे. ठसे ओळखण्यात निष्णात असे वनरक्षक तेव्हा होते व आजही आहेत. परंतु मऊ चिखलात आणि कोरड्या धुळीत एकाच वाघाचा ठसा निरनिराळा उमटतो, त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जाण्याचा संभव राही. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ नांदत होते. २००५ साली मात्र तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. चोरट्या शिकाऱ्यांनी वाघ नाहीसे केले होते आणि कागदावरील आकडे तेवढे शाबूत होते! जे आहे ते नाही म्हणणे जितके वाईट, तितकेच जे नाही ते आहे असे मानून निश्चिंत राहणेही घातक होय.

दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे सारखे नसतात, तसे दोन वाघांच्या अंगावरील पट्टेही सारखे नसतात. वाघाच्या उजव्या व डाव्या कुशीवरील पट्टेसुद्धा एकमेकांहून भिन्न असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. शास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे अशा छायाचित्रांवरून वाघांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत वापरली व १९९५ साली ती प्रसिद्ध केली. एखाद्या वाघाचे चित्र किती वेळा पुन्हा मिळते, यावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज गणिताने करता येतो. २००६ पासून देशाच्या व्याघ्रगणनेत या यंत्राला मानाचे स्थान मिळाले. २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघांची छायाचित्रे ७६,६५१ होती आणि त्यांतून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखता आले. इतकी प्रचंड छायाचित्रे चाळून अखेर हाती आले ते एवढेच; परंतु जे हाती आले, ते पुराव्यानिशी आले.

सत्य कळले म्हणजे भीतीही कमी होते. मुंबईच्या कुशीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व त्याचा परिसर येथे २०१५ साली ट्रॅप कॅमेऱ्यांच्या साहाय्याने पाहणी झाली आणि ३५ बिबळ्यांची ओळख पटली. बिबळ्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचनाही प्रत्येकाची वेगळी असते. एवढ्या मोठ्या नगरीच्या शेजारी इतके बिबळे राहतात, हे ऐकून प्रथम अंगावर काटा येईल. पण थोडा विचार केला, तर आपले शेजारी कोण आहेत आणि ते कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जातात, हे ठाऊक असणे अधिक हितावह ठरते. मग वस्तीजवळ कचऱ्याचे ढीग साचू देऊ नयेत, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबळ्या येतो. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नये. वाटेवर दिवे असावेत, या गोष्टी आपोआप सुचतात. अज्ञानातून भय उपजते आणि भयातून काठ्यादगड उचलले जातात. ज्ञानातून सावधपणा येतो, आणि सावधपणाने दोन्ही शेजारी वाचतात.

येथे कोणी म्हणेल, “सर्व काही यंत्रच पाहू लागले, तर मनुष्याने अरण्यात जावेच कशाला? घरी बसून चित्रे पाहिली म्हणजे झाले!” ही शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर दिले पाहिजे. वर सांगितलेल्या २०१८-१९ च्याच गणनेत वनरक्षकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५,२२,९९६ किलोमीटर वाटा पायी तुडविल्या, वाटेत दिसलेले ठसे, विष्ठा व ओरखडे यांची नोंद केली. पायांनी आधी अरण्य वाचले, म्हणूनच कॅमेरे कोठे बांधावेत हे ठरविता आले. दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. पिसोरी हा सशाएवढा, खुरांचा, लाजाळू प्राणी. त्याची एक जात आपल्या सह्याद्रीतही राहते. व्हिएतनामातील चंदेरी पाठीच्या पिसोरीची १९९० नंतर शास्त्रज्ञांना खात्रीची नोंद मिळालेली नव्हती. ती नष्ट झाली की काय, अशी भीती वाटू लागली होती. तेव्हा अभ्यासकांनी तेथील गावकऱ्यांना व वनरक्षकांना विचारले. चंदेरी पाठीचा तसा प्राणी त्यांच्या पाहण्यात होता. त्यांच्या माहितीच्या आधारे तीन कॅमेरे लावण्यात आले, आणि पाच महिन्यांत त्या चिमुकल्या प्राण्याची २७५ छायाचित्रे मिळाली. २०१९ साली ही वार्ता जगाला कळली. यंत्राने पुरावा दिला हे खरे. पण वाट दाखविली ती तेथे राहणाऱ्या माणसांच्या अनुभवाने. डोळस मनुष्य मागे नसेल, तर कॅमेरा म्हणजे झाडाला बांधलेली एक पेटी होय, दुसरे काही नाही.

आणि आनंदाचे काय? आपल्या महाराष्ट्रात वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री निसर्गप्रेमी मंडळी वनखात्याच्या परवानगीने मचाणावर बसतात व पाणवठ्यावर येणारे प्राणी पाहतात. रात्रभर हलायचे नाही, बोलायचे नाही, चांदण्यात नजर लावून बसायचे! कदाचित एखादे सांबर दिसते, कदाचित काहीच दिसत नाही. तरीही ती रात्र वाया गेली असे कोणाला वाटत नाही. कारण पानांची सळसळ, मातीचा वास आणि दूरवरून आलेली साद कोणत्याही चित्रात उमटत नाही. मचाण आणि कॅमेरा हे परस्परांचे वैरी नव्हेत. दोघेही आपल्याला एकच गोष्ट शिकवितात, ती म्हणजे स्वस्थ राहून वाट पाहणे. याउलट, वाघ दिसला रे दिसला की त्याच्याभोवती मोटारींचा गराडा घालणारे आणि त्याची वाट अडवून आरडाओरडा करणारे प्रवासी पाहिले, म्हणजे मन खिन्न होते. त्यांनी वाघ पाहिला, असे मला म्हणवत नाही. त्यांना फक्त त्रासलेला वाघ दिसला.

परंतु न दिसता पाहण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती आले, त्याच्यावर मोठी जबाबदारीही आली. चांगले चित्र मिळावे म्हणून खाद्य टाकून प्राण्याला बोलावू नये. आयत्या अन्नाची सवय त्याच्या जिवावर बेतते. घरटे अगर पिलांची गुहा यांच्या जवळ यंत्र लावू नये. काही प्राण्यांना यंत्राचा सूक्ष्म आवाज व प्रकाशही जाणवतो, असे आढळून आले आहे. म्हणून तेथे वारंवार जाऊन त्यांना सतावू नये. दुर्मिळ प्राण्याचे छायाचित्र मिळाले, तर त्याचे नेमके ठिकाण चारचौघांत सांगू नये. ते चोरट्या शिकाऱ्याच्या कानावर जाण्यास वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट. यंत्राला पशू आणि मनुष्य यांतील भेद कळत नाही. तो आपण पाळावयाचा असतो. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील एका अभ्यासात, जो २०२४ साली प्रसिद्ध झाला, असे दिसून आले, की गवत व सरपण आणण्यासाठी वनात जाणाऱ्या स्त्रियांना या कॅमेऱ्यांचा धाक वाटू लागला होता. ज्या वनात त्या मोकळेपणाने गात, बोलत, त्याच वनात त्या संकोचाने वावरू लागल्या. वन्य प्राण्यांना त्रास होऊ नये म्हणून जे साधन आपण वापरतो, त्याने माणसाच्या मनाला टोचणी लागावी, हे शोभणारे नाही. जेथे कॅमेरा असेल, तेथे तसे आसपासच्या लोकांना आधी सांगावे. आणि चुकून कोणाचे छायाचित्र आले, तर ते कोणाला न दाखविता पुसून टाकावे.

तुम्हां मुलांनाही हा आनंद घेता येण्याजोगा आहे. अभयारण्यात परवानगीवाचून पाऊल टाकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, म्हणून तेथे जाण्याचा विचार नको. पण शाळेची बाग, शेताचा बांध, विहिरीजवळचे कुंपण येथेही रात्रीचे एक निराळेच जग असते. शिक्षक बरोबर असतील, जागेच्या मालकाची संमती असेल आणि शाळेजवळ एखादा कॅमेरा असेल, तर तो तेथे लावून पाहा. मुंगूस, ससा, उदमांजर, साळिंदर असे कोणी ना कोणी त्या वाटेने जात असेलच. कॅमेरा नसला, तरी हिरमुसण्याचे कारण नाही. सायंकाळी पायवाटेवर हातभर रुंदीचा बारीक मातीचा पट्टा हाताने सारखा करून ठेवा आणि सकाळी तो वाचावयास जा. बोटे किती, नखे उमटली की नाही, पाऊल कोणत्या दिशेला गेले, हे वहीत लिहा, ठशाचे चित्र काढा. महिनाभर हा नेम चालविलात, तर ज्या वाटेने तुम्ही रोज शाळेत जाता, तिच्यावर तुमच्याशिवाय आणखी किती जणांचा वहिवाटीचा हक्क आहे, हे तुम्हांला कळून येईल.

हे कळणे हाच या साऱ्या खटाटोपाचा खरा लाभ होय. भूमी आपल्या एकट्याची नाही, हे पुस्तकात वाचून जेवढे पटते, त्याहून आपल्या बांधावरचा एक ताजा ठसा पाहून अधिक पटते. तो ठसा ज्याचा, त्याला आपली ओळख करून घ्यावयाची नाही. त्याला हवी आहे ती केवळ निर्वेध वाट. आपण ती मोकळी ठेवावी, आणि दुरून, मुकाट्याने, त्याच्या जाण्यायेण्याचे कौतुक करावे.