गोधडी अनाम नसते

गोधडीविषयी लिहिताना आपली समीक्षा एक विशेषण हमखास वापरते : 'अनाम'. अनाम हातांची कला, अनाम स्त्रीची निर्मिती असे लिहिले की गोधडीचा गौरव झाला आणि लेखकाची नम्रताही सिद्ध झाली, असा समज आहे. या विशेषणाला माझा आक्षेप आहे. ते गोधडीविषयी काही सांगत नाही, ते आपण काय विचारले नाही एवढेच सांगते.

जालना जिल्हा कापसाचा. परंतु वेचलेला कापूस बाजारात जातो. गोधडी होते ती घरातल्या विटलेल्या कापडांची. खालीवर जुनी लुगडी, मध्ये धोतरे, सदरे, परकर यांचे थर, आणि हे सारे एकत्र धरणारा दाट धावदोरा. उन्हाळ्यात शेतातली कामे सरली की ओसरीवर कापड अंथरले जाते. घरच्या आणि शेजारच्या बाया भोवती बसून आपापल्या बाजूने टाके घालतात. कापड अनेकांचे, टाके अनेकींचे. म्हणून त्या घरात ती अनाम असते काय? ही पट्टी आजेसासूच्या लुगड्याची, हे ठिगळ थोरल्याच्या शाळेच्या सदऱ्याचे, ही तिरकी गेलेली ओळ धाकट्या जावेची, हे त्या घराला पाठ असते. गोधडी उंबरा ओलांडून प्रदर्शनात, दुकानात किंवा आपल्या लेखात येते, तेव्हा हे पाठांतर मागे राहते. अनामता जन्म घेते ती या प्रवासात.

यावर एक प्रतिवाद संभवतो. सामूहिक निर्मितीत नावे शोधणे हा आधुनिक व्यक्तिवादाचा हट्ट आहे. परंपरेत कर्ता समूहात विरून जातो. हे ऐकायला पटते, पण परंपरेचा पुरावा निराळा आहे. याच जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इसवी सनापूर्वीच्या शतकांत येथल्या लोकांनी दूरच्या सांचीच्या स्तूपाला दाने दिली, आणि ती त्यांच्या गावाच्या नावासह दगडावर कोरली गेली. त्या स्तूपाचे कठडे आणि फरसबंदी अशाच शेकडो लहान दानांतून उभी राहिली. दात्यांत गृहिणी आणि भिक्षुणी मोठ्या संख्येने आहेत. वास्तू सर्वांची झाली, आणि प्रत्येकाचा दगड त्याच्या नावाचाही राहिला.

मराठी गद्याच्या आरंभीही हेच दिसते. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते चक्रधरांच्या सहवासातल्या अनेकांच्या आठवणी गोळा करून. पुढे मूळ पोथी धाडीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा जुळवावा लागला. त्या जुळवणीतून वेगवेगळे पाठ निर्माण झाले, त्यांत हिराइसेच्या नावाने ओळखला जाणाराही एक आहे. एका स्त्रीच्या स्मृतीला आपल्या पंथाने नाव देऊन ठेवले. त्यानंतरच्या सात शतकांत आपण अधिक उदार झालो, असे म्हणवत नाही.

बाहेरचे उदाहरण द्यायचे तर १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एड्सने गेलेल्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या गोधडीचे देता येईल. तीन फूट रुंद, सहा फूट लांब असा एकेक तुकडा आप्त-मित्रांनी शिवायचा आणि त्यावर मृताचे नाव घालायचे. असे सुमारे ५० हजार तुकडे आज एकत्र आहेत. ज्या आजाराचा उच्चारही लोक टाळत, त्यात गेलेल्यांची नावे उघड्यावर अंथरणे हेच त्या शिवणकामाचे प्रयोजन होते. नावांमुळे तिचे सामूहिकपण उणावले नाही.

आपल्याकडे गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावासह. म्हणजे हे जमते. मात्र लोकसाहित्याच्या कित्येक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर संकलकाचे नाव ठळक असते आणि सांगणारणीचे आतही सापडत नाही. शहरातल्या दुकानांत गोधडीला आता चांगली किंमत येते. तिच्यावरची चिठ्ठी बहुधा विकणाऱ्याचे नाव सांगते.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एवढेच सुचवावेसे वाटते की गोधडीचे छायाचित्र घेण्याआधी विचारावे : कापड कोणाकोणाचे, टाके कोणाकोणाचे? नाव छापू नका असे ती बाई म्हणाली, तर तो तिचा अधिकार. न विचारता तिला अनाम ठरवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. एका गोधडीखाली सात-आठ नावे येतील, यादी लांबेल. लांबू द्यावी.